पंचम जॉर्जच्या दाढीतली रेघ

आपल्याकडे पूल खचला, पेपर फुटला किंवा नळाला गढूळ पाणी आलं की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, 'प्रकरणाची सखोल चौकशी करण्यात येईल.' दुसरं, 'दोषींची गय केली जाणार नाही.' पुढे समिती बसते, समितीला मुदतवाढ मिळते आणि शेवटी दोष पावसाचा होता असं निघतं. अशा या देशात निदान एक विषय असा आहे की तिथे दोष कुणाचा हे भिंगाखाली पाच मिनिटांत ठरतं, पुराव्यासकट ठरतं आणि दोषीला बोट लावून दाखवता येतं. तो विषय म्हणजे जुन्या चांदीच्या नाण्यांवरचे तडे. नाण्यांवरचे म्हणजे नाण्याला गेलेले नव्हेत. नाणं ज्याने पाडलं त्या ठशाला गेलेले. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धं शास्त्र कळलं. ज्याला नाही कळला, तो मोबाइलवर पाच रुपयांच्या नाण्याचा फोटो टाकून पाच लाखांच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसला आहे असं समजावं.

जालन्यात तरी हा फरक समजावून सांगायला वेळ लागू नये. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत, आणि सळईवर उठून दिसणारं कंपनीचं नाव बांधकामावरच्या कुठल्याही पोराला तोंडपाठ असतं. ते नाव सळईवर कुणी लिहीत नाही. ते रोलवर उलटं आणि खोल कोरलेलं असतं. लालभडक सळई दोन रोलांच्या मधून निघाली की खोलाचा उठाव होतो आणि उलट्याचं सुलट. आता त्याच रोलला उष्णतेने बारीक तडा गेला तर काय होईल? सळईवर तडा दिसणार नाही. एक बारीक, वर आलेली रेघ दिसेल. रोलचा एक फेरा झाला की तेवढ्याच अंतरावर पुन्हा तीच रेघ, मग पुन्हा तीच. जाणता माणूस सळईला शिव्या देत नाही. तो दोन रेघांमधलं अंतर मोजतो आणि कुठला रोल काढायचा ते सांगतो. नाण्यांच्या तड्यांचं शास्त्र याहून फार पुढे जात नाही. सळईच्या जागी रुपया, टेपच्या जागी भिंग, आणि रोल बदलायला शंभर वर्षांचा उशीर झालेला, एवढाच फरक.

ठसा म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्याच्या तोंडावर राजाचा चेहरा उलटा आणि खोल उतरवलेला असतो. दोन ठशांच्या मध्ये चांदीची कोरी चकती येते, वरून दणका बसतो, आणि चांदी जिथे जागा मिळेल तिथे शिरते: राजाच्या नाकात, मुकुटात, अक्षरांत, आणि ठशाला तडा गेला असेल तर त्या तड्यातही. चांदीला कोरीव काम कुठलं आणि अपघात कुठला हे कळत नाही. वरून आदेश आला की ती सगळीकडे सारख्याच निष्ठेने पोचते. म्हणून ठशातली भेग नाण्यावर वर उठलेली रेघ होऊन येते. आणि ठसा का तडकतो, याचं उत्तर जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावचा लोहार देईल. कुऱ्हाडीला पाणी देताना जी कसरत, तीच इथे. पाणी जास्त झालं की पोलाद कडक होतं पण ठिसूळ, आणि हजारो दणक्यांनंतर तडकतं; पाणी कमी झालं की तडकत नाही, पण बसतं, आणि राजाचं नाक दर लाखामागे थोडं थोडं चपटं होत जातं. तडा बहुधा कडेवरून सुरू होतो आणि जवळच्या अक्षराकडे धावतो, कारण कोरल्यामुळे तिथे पोलाद आधीच कमजोर झालेलं असतं. मग तो या अक्षरातून त्या अक्षरात, तिथून पुढच्या, असा नगरपालिकेच्या पाइपलाइनसारखा फिरतो. ठसा लगेच बदलतात असंही नाही. काम तुंबलेलं असतं, ठसा महाग असतो, रेघ बारीक असते. 'अजून चालतंय ना, चालू द्या' हे तत्त्वज्ञान आपल्याच कार्यालयांत जन्मलं असा एक गैरसमज आहे, तो दूर करायला टांकसाळीइतकी दुसरी चांगली जागा नाही. शेवटी कडेचा एखादा तुकडाच ठशातून निखळतो, आणि त्या जागी नाण्यावर बिनचेहऱ्याचा गुळगुळीत फुगवटा उमटतो. इंग्रजीत या फुगवट्याला 'कड' म्हणतात, आणि तो येतो नेमका नाण्याच्या कडेला. इंग्रजांनी मराठीची एवढी सोय आणखी कुठे केलेली आढळत नाही.

या तड्यांची रीतसर दप्तरी नोंद ठेवायची हा उद्योग अमेरिकेतला. तिथे १८७८ ते १९०४ आणि नंतर पुन्हा १९२१ साली 'मॉर्गन डॉलर' नावाचा चांदीचा डॉलर निघाला. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघांनी त्याचे ठसे एकेक करून नोंदवले, आणि दोघांच्या आडनावांवरून प्रत्येक प्रकाराला 'व्हॅम' क्रमांक मिळाला. ठसा तोच पण तडा वाढला, तर मूळ क्रमांकापुढे ए, बी, सी. सातबारा वाचणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: गट नंबर एकच, पण पोटहिस्से पडलेले. १८८८ च्या न्यू ऑर्लिन्सच्या एका डॉलरवर स्वातंत्र्यदेवीच्या चेहऱ्यावरून असा जाड तडा गेला आहे की त्या प्रकाराला 'स्कारफेस' म्हणतात, म्हणजे व्रणमुखी. १८९१ च्या कार्सन सिटीच्या एका डॉलरवर ठशाला पडलेल्या खोकीमुळे गरुडाच्या चोचीखाली ठिपका आला, तर तो 'थुंकणारा गरुड' झाला. राष्ट्रीय पक्षी थुंकतो आहे म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. उलट त्या नाण्याला जास्त दाम मोजतात. एसटी स्टँडच्या जिन्याच्या कोपऱ्यांना असा ग्राहक मिळाला असता तर महामंडळाचा संचित तोटा कधीच भरून निघाला असता.

हे सगळं अमेरिकेचं कौतुक मराठवाड्यात कशाला, असं कुणी विचारील. त्याला उत्तर आहे, आणि ते चांदीचंच आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या लोकांनी नोटा घेऊन खजिन्यापुढे रांगा लावल्या आणि बदल्यात रोकडा रुपया मागितला. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढून पाहिली, पुढच्या वर्षी अडीच रुपयांचीही काढली. पण कागदाचा रुपया दगडावर आपटला तर वाजत नाही, आणि न वाजणारा रुपया घ्यायचा नाही हा इथला जुना शिरस्ता. अखेर २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यांतल्या सुमारे २६ कोटी डॉलरांची चांदी औंसाला एक डॉलर या भावाने इंग्रजांना विकली, ती हिंदुस्थानसाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी १९१८ या एका सालाचे चाळीस कोटींच्या आसपास रुपये पाडले. म्हणजे अमेरिकेतले संग्राहक ज्या तड्यांसाठी आज भिंग घेऊन वणवण करतात, त्यांतले कितीतरी तडे वितळून, लगडी होऊन, समुद्र ओलांडून पंचम जॉर्जच्या दाढीत येऊन बसले. तिकडे तो डॉलर, इकडे लक्ष्मीपूजनाचा रुपया. आपल्याकडून डॉलर आणायला पोरं पाठवतात. त्या काळी डॉलरच नोकरी सोडून इकडे आला होता. आणि मुंबईची टांकसाळ तर डॉलर पाडण्यातही मागे नव्हती: हाँगकाँग आणि सिंगापूरकडच्या व्यापारासाठी १८९५ पासून १९३५ पर्यंत तिने चांदीचे डॉलर पाडले. त्यावर त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया उभी आहे आणि त्रिशुळाच्या मधल्या टोकावर मुंबईचा 'बी' इतका बारीक बसवला आहे की तो दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची गरज नाही असं समजावं.

जालन्याला तर नाण्याकडे निरखून बघण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. मुलूख निजामाचा, म्हणून व्यवहार हाली सिक्क्यात. छावणी इंग्रजी फौजेची, कापसाची पेठ मोठी, म्हणून कलदारही फिरता. कलदार म्हणजे कळीने, यंत्राने पाडलेला. शंभर कलदारला साधारण ११७ हाली पडत. आता ज्या बाजारात दोन रुपये फिरतात आणि त्यांत सहावा-सातवा हिस्सा फरक असतो, तिथे नाणं न बघता खिशात टाकणारा माणूस एका हंगामात भिकेला लागला असता. हाली रुपयावर पुढे चारमिनार आला आणि त्याच्या मधल्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचं अक्षर: महबूब अली खानांचा 'मीम', आणि १९११ साली उस्मान अली खान गादीवर आल्यावर त्यांचा 'ऐन'. पण सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अर्धवटच दिसतो, पूर्ण ऐन नंतर आला. राज्यारोहणाच्या ऐन वेळी ऐनच अर्धा. त्याच १९११ साली इंग्रजांनी पंचम जॉर्जचा पहिला रुपया काढला. राजाच्या झग्यावर सन्मानाची साखळी, साखळीत हत्ती, पण कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड केली की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमान नाराज झाले, बाकीचेही काही फार खूश झाले नसावेत, आणि पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी सात लाखांच्या आसपास बाहेर गेल्यावर बाकीचे आत ठेवून वितळवावे लागले. पुढच्या साली हत्तीला पुरेशी सोंड मिळाली. म्हणजे एका सालात हैदराबादचं अक्षर आखूड आणि इंग्रजांच्या हत्तीची सोंड आखूड. मात्र हा दोष ठशाचा नव्हे, तर नमुना करणाऱ्याचा. तो सगळ्याच नाण्यांवर सारखा असतो आणि म्हणून त्याला तडा म्हणता येत नाही. चौकशी करायची तर पायरीपायरीने करायला हवी: नमुना, ठसा, दणका, बाजार, सोनार, आणि शेवटी घरचे लोक. बहुतेकांची चौकशी उलट्या दिशेने चालते आणि पहिल्याच पायरीवर थांबते.

तर एक १९१८ चा रुपया घ्या. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणूनच आपल्याकडे 'रुपयाभार' हे मापच होऊन बसलं. चांदी बारा भागांत अकरा. राजाचं तोंड आपल्या डावीकडे. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर रुपया मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. दिवा समोर नको, बाजूला ठेवा, उजेड तिरपा पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. 'जॉर्ज'च्या इंग्रजी अक्षरांमधून निघून दाढीत शिरणारी एक केसासारखी रेघ दिसली, तर हुरळून जाऊ नका. आधी ती वर आलेली आहे की आत गेलेली ते बघा. आत गेलेली असेल तर तो ओरखडा: कुणीतरी टोकदार वस्तूने काढलेला, चाव्यांच्या जुडग्यात पडलेला किंवा पोराने खिळ्याने सही करून ठेवलेला. ओरखडा उंचवट्यांवर आधी घसरतो, दाढीवर खोल आणि सपाटीवर पुसट. तडा मात्र उंच-सखल काही बघत नाही. सपाटीवरून अक्षरावर आणि अक्षरावरून दाढीत एकसंध जातो, आणि त्याला नदीसारखी वळणं असतात. रेघा पुष्कळ, सरळ आणि एकाच दिशेने असतील तर तो तडाही नाही. ठशाला कारागिराने पॉलिश केलं त्याच्या त्या खुणा. राजाच्या मानेमागे मागल्या बाजूच्या फुलवेलीची सावली दिसली, तर चकती मध्ये न येताच दोन ठसे एकमेकांवर आदळले होते. त्या दोघांच्या भांडणाची खूण पुढच्या प्रत्येक नाण्याने आयुष्यभर वागवली. आणि कडेला गुळगुळीत फुगवटा सापडला तर मात्र मराठवाड्यात जरा जास्तच सावध राहावं. इथे तांड्यांवर आणि खेड्यांत पिढ्यानपिढ्या रुपये ओवून अंगावर घातले गेले. सोनाराने रुपयाला कडी डागायची, आणि गरज पडली की कडी काढून रुपया मोडीत द्यायचा. मागे जो डाग राहतो तो हुबेहूब ठशाचा तुकडा निखळल्यासारखा दिसतो. खरं-खोटं ओळखायची खूण एकच: तुकडा निखळलेला असेल तर नाणं पलटल्यावर नेमक्या त्याच जागी मागची नक्षी पुसट उमटलेली असते, कारण तिथे चांदीला समोरून अडवायला काही उरलेलंच नव्हतं. सोनाराच्या डागामागे नक्षी ठणठणीत असते. डाग देण्याचं काम हातांनी होतं, नशिबाने होत नाही.

यावर पहिला आक्षेप घेतात ते कामसू लोक. रुपया आहे, रुपयाच्या भावाची चांदी आहे, त्यात रेघा कसल्या मोजता, रिकामटेकड्यांचे धंदे. हा आक्षेप ज्या समाजात पत्रिकेचे छत्तीस गुण मोजले जातात, तांदळातला प्रत्येक खडा वेगळा निघतो आणि लग्नपत्रिका हातात पडताच आधी शुद्धलेखनाची चूक सापडते, त्या समाजाने घ्यावा हे जरा जास्तच झालं. निरखून बघायला आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवराईचे अभ्यासक 'छत्रपति'तल्या वेलांटीवरून आणि 'शिव'तल्या श-स वरून नाण्यांचे प्रकार पाडतात, आणि तो रिकामपणा आहे असं म्हणायची कुणाची छाती नाही. शिवाय यातून इतिहास निघतो. तडा आपोआप बुजत नाही, तो वाढतच जातो. म्हणून एकाच ठशाच्या चार नाण्यांपैकी बिनतड्याचं आधी, केसाएवढ्या तड्याचं नंतर, दोरीएवढ्याचं त्याहून नंतर, असा क्रम साल-महिना न लिहिताही लागतो. इंग्रजांनी १८६२ चा राणीछाप रुपया पुढली दहाएक वर्षं तेच साल घालून पाडला; मुंबईच्या टांकसाळीने खरं साल मागल्या बाजूच्या ठिपक्यांत लपवलं, आणि ते ठिपके मोजून मेजर प्रिडमोरसारख्या नाणे-अभ्यासकांना सूची करावी लागली. कॅलेंडरवर विश्वास ठेवता येत नाही तिथे ठशावरच्या खुणाच विचाराव्या लागतात. त्याहून जुनं उदाहरण जालना जिल्ह्यातच आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात सातवाहनांची नाणी निघाली. सातवाहनांच्या नाण्यांवर दणका बहुधा तिरका बसलेला असतो आणि राजाचं नाव अर्धं नाण्याबाहेर गेलेलं. मग एकाच ठशाची दोन-चार नाणी शोधून एकावरून पहिली अक्षरं आणि दुसऱ्यावरून शेवटची घ्यायची, तेव्हा राजा पुरा होतो. ठसा ओळखता आला नाही तर राजाला आडनावावाचून राहावं लागतं. ज्यांना हे रिकामपण वाटतं त्यांनी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिकडे एकदा चक्कर मारावी. निदान डोंगर तरी बघणं होईल.

दुसरा आक्षेप पैशाचा, म्हणून तो जास्त आवाजात येतो. या तडकलेल्या रुपयाला काय भाव मिळतो? खरं उत्तर असं की बहुतेक वेळा चांदीचा. डॉलरच्या तड्यांची जशी सर्वमान्य सूची आहे तशी आपल्या रुपयाच्या तड्यांची नाही, आणि जिथे क्रमांक नाही तिथे हौसही नाही. सराफाच्या काट्याला दाढीतली रेघ दिसत नाही. तिचं वजन भरत नाही. बाकी 'दुर्मिळ नाणं आहे, लाखो मिळतील' असं सांगणाऱ्यांचा बाजार वेगळा, आणि त्यांच्याबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेला २०२१ साली लोकांना सावध करावं लागलं होतं: आमच्या नावाने फी आणि कर मागून जुनी नाणी-नोटा विकत घेऊ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यामुळे ज्यांना या विषयातून बंगला बांधायचा आहे त्यांनी सळईचा धंदा करावा, तिथे रेघेचा उपयोग निदान बंगल्याला होतो. वाड्याच्या पायात हंडा सापडला तरी उड्या मारायच्या नाहीत. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की दहा रुपयांवरचा ऐवज जमिनीतून निघाला तर कलेक्टरला कळवा. दहा रुपये! त्या काळी ते दहा तोळे चांदी होती, आज त्यात धड चहाही येत नाही. कायद्यालाही कधी कधी तडा जातो, तो वाढत जातो आणि ठसा मात्र कुणी बदलत नाही.

मग भाव नसेल तर शिकायचं कशाला, या प्रश्नाचं उत्तर फसवणाऱ्यांकडेच आहे. बनावट नाणं करणारा खऱ्या रुपयावरून ठसा उतरवतो. उतरवताना त्या रुपयावरचे सगळे ओरखडे, खोक आणि चाव्यांच्या खुणा ठशात जातात, आणि तिथून त्याच्या प्रत्येक खोट्या नाण्यावर. आता विचार करा: दोन रुपयांवर तोच तडा सारख्या जागी दिसला तर दोघे एका ठशाचे सख्खे भाऊ, आणि तेवढ्यावरून त्यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. पण दोन रुपयांवर तोच ओरखडा, त्याच लांबीचा, त्याच वळणाचा दिसला तर? दोन वेगळ्या घरांतल्या, दोन वेगळ्या पोरांनी एकाच खिळ्याने एकाच जागी सही केली असं मानावं लागेल. ते होत नाही. म्हणून जी खूण सारखी असू शकते ती सारखी निघाली तर तेवढ्यावरून संशय नाही, पण जी वेगळी असायला हवी ती सारखी निघाली तर नाणं खोटं. तडा आणि ओरखडा यांत फरक न करणाऱ्याला ही साधी चौकशीसुद्धा जमत नाही. तो खरं नाणं तडकलं म्हणून परत देतो आणि खोटं गुळगुळीत म्हणून घरी आणतो. नाणं वाजवून घ्यायची आपली पद्धत चांगलीच होती, पण तिने धातूची परीक्षा व्हायची, कुळाची नाही. सराफाची ही परीक्षक नजर एके काळी इतकी मान्य होती की शब्दच परदेशी गेला: हाँगकाँगमध्ये पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' लिहिलेलं असतं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो घेणाऱ्यांसमोर कुणाचं फार चालत नाही, कारण तो देवघरातून येतो. रुपया लक्ष्मीचा आहे. तो चिंचेने घासायचा, राखेने उजळायचा, दूध-पाण्याने धुवायचा, तडा बघत काय बसता? भावनेला कुणाचा विरोध नाही. फक्त हिशेब समजून घ्यावा. वर आलेली गोष्ट आधी झिजते, हे चौकातल्या पुतळ्याच्या नाकापासून पायताणाच्या टाचेपर्यंत सगळीकडे खरं आहे. तडा नाण्यावर वर आलेला असतो, त्यामुळे दर दिवाळीला तो राजाच्या भुवयांबरोबर थोडा थोडा जातो. ओरखडा आत गेलेला असतो, तो मात्र घासणीतून वाचतो, शिवाय राख दरसाल त्याला नवी भावंडं देते. म्हणजे आपण वर्षानुवर्षं टांकसाळीचा पुरावा पुसत आलो आणि आपलाच पुरावा मागे ठेवत आलो. कुठल्याही चौकशी समितीला याहून वेगळं काही करता आलं नसतं. जुन्या नाण्यावरचा काळपट थर घाण नसतो, ती चांदीने हवेबरोबर घातलेली साय असते. ती खरवडली की रुपया नव्यासारखा दिसतो आणि जाणत्या गिऱ्हाइकाला लगेच जुना वाटेनासा होतो.

तेव्हा येत्या लक्ष्मीपूजनाला डब्यातून रुपया काढाल तेव्हा चिंच आधी भिजत घालू नका. कोमट पाण्यात नुसता बुचकळा, मऊ कापडाने दाबून टिपा, देवासमोर ठेवण्याआधी समईच्या तिरप्या उजेडात एकदा फिरवून बघा, आणि दाढीत रेघ दिसली तर तिच्यावरून नखाचं टोक अलगद न्या. अडखळलं तर दोष टांकसाळीचा आहे. घसरून आत गेलं तर घरात विचारा.